पुढे नवे, मागे रिमोल्ड

नॉर्वेतल्या ट्रॉनहेममध्ये ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या गल्लीतली माणसं एकमेकांच्या अंगणाकडे चोरून बघायला लागतात. कुणाच्या गाडीला जॅक लागलाय, कुणाच्या दाराशी चाकांची चळत आलीय, यावर सगळ्यांचं बारीक लक्ष. पहिला बर्फ कधी पडणार हे हवामान खातं रोज सांगत असतं. पण लोकांचा खरा भरवसा समोरच्या निवृत्त आजोबांवर. त्यांनी हिवाळी टायर चढवले की दोन-तीन दिवसांत अख्खी गल्ली त्याच कामाला लागते. तोवर शहरातल्या टायरवाल्यांकडच्या वेळा संपलेल्या असतात. मग बर्फ पडलेल्या सकाळी उन्हाळी टायरवर अडकलेले लोक बसने ऑफिसला येतात आणि दिवसभर कुणाशी फारसं बोलत नाहीत.

मी चिपळूणची. ऋतूसाठी घरदार बदलणं मला नवं नव्हतं. मृगाच्या आधी कौलं चाळायची, पडवीला झडपं बांधायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, छत्र्यांच्या काड्या बसवून आणायच्या. गाडी या यादीत नसायची, कारण गाडीच नव्हती. टायर मात्र घरात भरपूर होते. आप्पा एसटीच्या डेपोत टायर विभागात होते.

त्यामुळे माझ्या लहानपणाला जळक्या रबराचा वास आहे. इतरांच्या वडिलांच्या सदऱ्याला घामाचा नाहीतर तंबाखूचा वास यायचा, आमच्याकडे व्हल्कनायझिंगच्या सोल्युशनचा. सायकलचा टायर काठीने हाकत पळणं वगैरे सगळ्यांनीच केलं असेल, त्याचं मला कौतुक नाही. मला कौतुक ट्रकच्या ट्यूबचं. ती घेऊन आम्ही वाशिष्ठीत पोहायला शिकलो. व्हॉल्व्ह पोटाला लागून ओरखडे उठायचे आणि आई म्हणायची, मांजराशी भांडलीस का. घासून संपलेला टायर तर आमच्याकडे कधी मरतच नसे. गोठ्यावरच्या ताडपत्रीवर वजन म्हणून तो बसे, चपलेचा तळवा होई, केळीच्या आळ्याभोवती कुंपण होऊन राही.

आप्पांचं खरं राज्य डेपोत. बस आली की टायरवर वाकून तळव्यानं नक्षी चाचपायची, खडूने खूण करायची, नंबर वहीत टिपायचा. एसटी महामंडळाचे स्वतःचे रिमोल्डचे कारखाने आहेत. वरची नक्षी झिजली, पण खालचा सांगाडा शाबूत असला की त्याच्यावर नवं रबर चढवून टायर पुन्हा रस्त्यावर येतो. मराठीत याला कुणी काहीही म्हणो, डेपोत तो ‘रिमोल्ड’च. रिमोल्ड कुठे लावायचा याचा नियम आप्पांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवला असावा. पुढे नवे, मागे रिमोल्ड. कुंभार्ली घाटात कराडची गाडी उतरत असताना पुढचा टायर गेला तर स्टिअरिंग चालकाच्या हातात राहत नाही. मागे एका बाजूला दोन टायरांची जोडी असते. त्यातला एक फुटला तरी दुसरा गाडीला चिपळूणपर्यंत नेतो. पावसाळा तोंडावर आला की हा नियम आणखी कडक व्हायचा. घाटाच्या गाड्या आधी, बाकीच्या नंतर. पुढच्या चाकावर झिजलेली नक्षी दिसली की आप्पा गाडी सोडत नसत, मग कंट्रोलरने कितीही आरडाओरडा करू दे.

मी इंजिनिअर झाले, लग्न झालं, नोकरीनं आम्हाला नॉर्वेत आणून टाकलं. इथे पहिली गाडी घेतली तीच इलेक्ट्रिक. त्यात शौर्य काही नाही. या देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी ८८.९ टक्के विजेवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलची गाडी घेणाऱ्यालाच लोक कारण विचारतात. सरकारने करात सूट देऊन देऊन हे घडवलं. त्याची सुरुवात मात्र गमतीची आहे. १९८९ साली ‘आ-हा’ या पॉप बँडचे दोन गायक-वादक आणि एक पर्यावरणवादी कार्यकर्ता विजेवर चालणारी छोटी फियाट पांडा घेऊन टोलनाक्यांवरून टोल न भरता जात राहिले. दंड झाला, गाडी जप्त झाली, बातम्या झाल्या आणि पुढे विजेच्या गाड्यांना टोलमाफीही मिळाली. आपल्याकडे टोल न भरण्याची परंपरा जुनी आहे, पण तिच्यातून वाहनधोरण निघाल्याचं ऐकिवात नाही.

गाडी घेतल्यावर आप्पांना व्हिडिओ कॉलवर ती चारी बाजूंनी दाखवली. मोठा पडदा, तापणाऱ्या सीट, आपोआप पार्क होणं. आप्पा गप्प. मग म्हणाले, “डिकी उघड. स्टेपनी कुठाय?”

स्टेपनी नव्हती. बहुतेक विजेच्या गाड्यांत नसते. तिची जागा आणि वजन बॅटरीच्या हिशेबात गेलेलं असतं. त्याऐवजी चिकट द्रावणाची एक बाटली आणि हवा भरायचा छोटा पंप. आप्पांनी ती बाटली पडद्याजवळ धरायला लावली, नीट पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. त्यांच्या लेखी त्या गाडीची परीक्षा तिथेच संपली होती.

हिवाळी टायर ही काय चीज आहे हे मला तोवर पुस्तकी माहीत होतं. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. ऊब असली की त्या साखळ्या सैल हलतात, रस्त्याच्या बारीक उंचसखलपणात शिरतात आणि त्यालाच आपण पकड म्हणतो. थंडीत त्या आखडतात. उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातं, आणि तेवढं तापमान म्हणजे इथला ऑक्टोबर. हिवाळी टायरमध्ये रबराचं मिश्रणच वेगळं असतं. नैसर्गिक रबराचा वाटा मोठा, सिलिका भरपूर. त्यामुळे उणे वीसलाही ते लवचीक राहतं. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. वजन पडलं की त्या चिरा उघडतात, बर्फावरची पाण्याची साय बाजूला ओढतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. हेच टायर उन्हाळ्यात ठेवले तर तापलेल्या डांबरावर लिबलिबतात, ब्रेक लागायला जास्त अंतर घेतात आणि भराभर झिजतात. म्हणून वर्षातून दोनदा अदलाबदल.

हिवाळी टायरची कल्पना पहिल्यांदा सुचली फिनलंडला. तिथल्या एका रबर कारखान्याने १९३४ साली ट्रकसाठी जगातला पहिला हिवाळी टायर बनवला. त्याआधी बर्फात साखळ्या गुंडाळून जावं लागे. १९३६ साली मोटारींसाठी टायर आला, त्याचं नाव हाक्कापेलिट्टा. तीस वर्षांच्या युद्धातल्या फिनिश घोडेस्वारांचं नाव. तो आजही विकला जातो. कारखाना ज्या गावाशी जोडलेला, त्याचं नाव नोकिया. होय, तेच. फोन आणि टायर एकाच उद्योगसमूहाच्या पोटातून आले. १९८८ साली टायरवाले वेगळे झाले. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. त्यांचा बॅटरीवाला ११०० अजून कपाटात आहे आणि त्यांच्या मते चालू आहे. “त्यांचेच घे,” म्हणाले. “तो फोन मी डेपोच्या पिटात पाडला होता.”

टायर घेताना इथे माणसं दोन गटांत विभागतात आणि जेवणाच्या टेबलावर त्यावरून खरोखर आवाज चढतात. एक गट खिळेवाल्यांचा. टायरच्या नक्षीत धातूचे बारीक खिळे बसवलेले असतात, ते बर्फात रुततात. दुसरा गट बिनखिळ्यांचा. त्यातही पुन्हा दोन जाती. मध्य युरोपासाठी बनवलेला हिवाळी टायर जरा टणक असतो. जर्मनीतल्या ओल्या महामार्गावर, वेगात तो उत्तम. उत्तरेकडच्या थंडीसाठी बनवलेला मऊ असतो; बर्फावर तो धरतो, वेगाची मर्यादा मात्र कमी. दुकानात दोघांच्याही अंगावर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं तेच चिन्ह असतं, त्यामुळे नवखा माणूस हमखास गोंधळतो. नुसतं एम आणि एस लिहिलेल्या टायरवर तर विसंबूच नये. ती अक्षरं कंपनी स्वतःच छापते, डोंगराच्या चिन्हाला निदान बर्फावरची चाचणी पास व्हावी लागते. २०२१ पासून युरोपातल्या टायरच्या लेबलवर घट्ट बर्फावरच्या पकडीचं वेगळं चिन्हही येतं. इथे घ्यायचा तर ते पाहून घ्यावा.

खिळ्यांचा कायदा मला फार आवडतो. दक्षिण आणि मध्य नॉर्वेत खिळेवाले टायर एक नोव्हेंबरपासून ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारपर्यंत चालतात. ईस्टर चंद्रावर ठरतो, म्हणजे कधी मार्चअखेर, कधी एप्रिलच्या उत्तरार्धात. टायर उतरवायची तारीख पंचांगात बघावी लागते असा देश मला परका कसा वाटावा? उत्तरेकडच्या प्रांतांत मात्र सरळ सोळा ऑक्टोबर ते तीस एप्रिल. तिथे हिवाळा चंद्राला विचारत नाही. बाकी टायर कोणत्या तारखेला बदला असं साध्या मोटारींना कायदा सांगत नाही. रस्त्याला पुरेल इतकी पकड असली पाहिजे, एवढंच. नक्षीची खोली उन्हाळ्यात किमान १.६ मिलिमीटर, हिवाळ्यात ३. पुढची जबाबदारी तुमची.

मी बिनखिळ्यांच्या गटातली आहे, आणि त्याला कारण धूळ. खिळे कोरड्या डांबरावर फिरले की ते डांबर खरवडतात. हिवाळाभर ती पूड बर्फात अडकून राहते आणि मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून रस्ते कोरडे झाले की हवेत उठते. ट्रॉनहेमची नगरपालिका रस्ते धुते, धूळ बसावी म्हणून मॅग्नेशियम क्लोराइड फवारते आणि खिळेवाल्यांकडून शहरात गाडी चालवण्याचं शुल्क घेते. ओस्लो आणि बर्गेनमध्येही तसंच. जपानने तर सेंदाई, साप्पोरोसारख्या शहरांतल्या धुळीला कंटाळून १९९० साली कायदाच केला आणि खिळ्यांचे टायर जवळजवळ हद्दपार केले. बिनखिळ्यांच्या टायरमध्ये जपान्यांनी जी प्रगती केली तिच्या मागे ही सक्ती आहे. विजेची गाडी धूर सोडत नाही म्हणून घ्यायची आणि तिला रस्ता किसणारे टायर लावायचे, हे माझ्या मनाला पटत नाही. शिवाय इंजिनाचा आवाज नसलेल्या गाडीत खिळ्यांची कटकट सतत कानांवर येते.

तरीही खिळेवाल्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. निसरडं म्हणजे काय, हे मला इथे नव्यानं शिकावं लागलं. उणे पंधराचा बर्फ कोरडा असतो. त्याच्यावर मऊ टायर बऱ्यापैकी धरतो. सगळ्यात वाईट शून्याच्या आसपासचा बर्फ, वर पाण्याचा पातळ थर असलेला. ट्रॉनहेमला समुद्राची ऊब आहे, त्यामुळे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली-वर झोके घेत असतो. दुपारी वितळलं, रात्री गोठलं, पहाटे वर पाऊस. अशा सकाळी चढाच्या रस्त्यावर खिळेच बरे. समोरच्या आजोबांचं डोंगरात लाकडी घर आहे, दर शुक्रवारी ते तिकडे जातात. वाटेतला शेवटचा घाट कुणी मीठ टाकून साफ करत नाही. त्यांनी खिळेच घ्यावेत. मी शहरात आणि मीठ मारलेल्या महामार्गावर चालवते. टायर निवडताना लोक वर्तमानपत्रातल्या चाचणीत पहिला आलेला टायर मागतात. चाचण्या चांगल्या असतात, मी त्या दर शरदात वाचते. पण त्यात तुमचा रस्ता नसतो.

विजेच्या गाडीची आणखी एक गोम आहे आणि ती मला आप्पांच्या वहीमुळे चटकन कळली. वजन. बॅटरीमुळे या गाड्या त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा काही क्विंटलने जड असतात. आमची दोन टनांच्या घरात. म्हणजे चाकामागे पाचशे किलो. हवा ४२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळजवळ तीन किलो. भागाकार केला की एका चाकाखाली रस्त्याला टेकलेली जागा सुमारे १७० चौरस सेंटिमीटर, तळहाताहून थोडी मोठी. कॉम्प्युटर, सेन्सर, अंतर राखणारे कॅमेरे, हे सगळं शेवटी त्या चार तळहातांवर उभं. इलेक्ट्रिक मोटर तर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. चाक घसरतंय हे ओळखून जोर कमी करणंही तिला इंजिनापेक्षा कितीतरी लवकर जमतं, त्यामुळे बर्फात गाडी अशी सहज निघते की चालकाला आपण निष्णात झाल्यासारखं वाटतं. थांबताना मोटरची हुशारी काही कामाची नाही. चारी चाकांना जोर असलेली गाडीही थांबताना रबराच्याच दयेवर असते. दर हिवाळ्यात पहिल्या बर्फाला खड्ड्यात गेलेल्या गाड्यांत महागड्या फोर-व्हील ड्राइव्ह बऱ्याच दिसतात, त्याचं कारण हेच असावं.

म्हणून टायरवरचा भारांक बघावा लागतो. मापाच्या पुढे ९४, ९८, १०२ असे आकडे असतात, ते उगीच नसतात. ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो, ९८ म्हणजे ७५०, १०२ म्हणजे ८५०. जड गाड्यांसाठी ‘एक्सएल’ आणि अलीकडे त्याहून दणकट ‘एचएल’ टायर आले आहेत. काहींच्या आत आवाज शोषायला फोमचा थर चिकटवलेला असतो. पंक्चर काढताना तो खरवडावा लागतो आणि कारागीर तोंड वाकडं करतो. दुकानदाराने मला वीस इंची रिम दाखवल्या. दिसतात सुंदर. मी अठरा इंची घेतल्या. रिम लहान म्हणजे टायरची भिंत उंच, खड्डा सोसायला रबर जास्त, किंमत कमी आणि रेंजही थोडी वाढते. रेंज हिवाळ्यात आधीच कमी झालेली असते. इथली मोटारमालकांची संघटना २०२० पासून दर हिवाळ्यात विजेच्या गाड्या एकत्र सोडून त्या कुठे बंद पडतात हे बघते. कंपनीने छापलेला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांत गाडीगणिक प्रचंड तफावत निघते. दोष मुख्यतः थंड बॅटरीचा आणि आतल्या हीटरचा, पण मऊ टायरही आपला हिस्सा घेतो. थंडीत टायरमधली हवाही आकसते. दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय कमी. ऊबदार गॅरेजमध्ये बरोबर भरलेली हवा बाहेर उणे पंधरात कमी भरते. जरा चढीच ठेवावी.

टायर मी स्वतः बदलते. इथे टायरची हॉटेलं असतात. ते तुमचे टायर धुतात, सहा महिने ठेवून घेतात आणि बिल खऱ्या हॉटेलसारखंच लावतात. आप्पांच्या मुलीने टायर हॉटेलात ठेवले तर चिपळुणात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आधी जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, मग जॅक. विजेच्या गाडीच्या पोटात बॅटरी पसरलेली असते, त्यामुळे जॅक कंपनीने दाखवलेल्या बिंदूंवरच, मधे रबरी ठोकळा घालून लावायचा. इतरत्र लावला तर गाडीचा सगळ्यात महागडा भाग चेपतो. चाक उतरलं की हबवरचा गंज ब्रशने काढायचा, नाहीतर पुढच्या वेळी रिम हबला अशी चिकटते की लाथा घालाव्या लागतात. मग नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे, टॉर्क रेंच ‘टक्’ म्हणेपर्यंत. डेपोत पान्याला पाइप घालून त्याच्यावर उभं राहत. तो माझा आवडता देखावा होता, पण अलॉयच्या रिमला तो चालणार नाही. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा सगळे नट तपासायचे. उतरवलेल्या टायरवर खडूने खूण करते, मराठीत. डापु, उपु, डामा, उमा. शेजारच्या मुलाने विचारलं होतं की उमा हे कंपनीचं नाव आहे का.

या खुणांवरूनच एकदा आप्पांशी जुंपली. आमच्या गाडीची मोटर मागच्या चाकांना आहे, त्यामुळे मागचे टायर लवकर झिजतात. म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीला कमी झिजलेली जोडी मी मागे टाकते. टायरच्या नक्षीला फिरण्याची दिशा असल्याने डावे डावीकडेच राहतात, नुसते मागे-पुढे होतात. कॉलवर आप्पांनी खडूच्या खुणा वाचल्या.

“उमा पुढे का लावलास?”

“मागचे गेल्या वर्षी जास्त घासले, आप्पा. म्हणून पुढचे मागे आणि मागचे पुढे.”

“म्हणजे चांगले मागे, वाईट पुढे? हे कोणी शिकवलं तुला?”

शिकवलं होतं इथल्या लायसन्सच्या वर्गात. नॉर्वेत मोटारीच्या लायसन्ससाठी निसरड्या केलेल्या ट्रॅकवरचा धडा सक्तीचा आहे. प्रशिक्षक वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायला लावतो आणि गाडी गोल फिरते. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते. भीती वाटते, पण पाय काढला की ती पुन्हा वळायला लागते. मागची घसरली तर गाडीची शेपूट आधी निघते आणि साध्या माणसाला ती आवरत नाही. आमच्या विजेच्या गाडीत पाय काढला की मोटरच उलटी होऊन वीज बनवते आणि मागच्या चाकांना ब्रेक लागतो. बर्फावर तेवढा धक्का शेपूट सोडायला पुरतो. म्हणून निसरड्या दिवशी मी ती सोय कमीत कमीवर ठेवते, आणि चांगले टायर मागे.

हे सगळं मी आप्पांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली नाही, “जेवलीस का” विचारलं आणि फोन ठेवला. त्यांचं पटलं नाही की ते असंच करतात.

दुसऱ्या दिवशी आमच्या पहाटेच फोन. “तुझ्या गाडीला मागे जोडी नाही.”

“नाही, आप्पा. एकेकच.”

“मग बरोबर आहे. बसला मागे एक गेला तरी त्याच्या शेजारी दुसरा असतो, म्हणून आम्ही पुढचं सांभाळायचो. तुझं मागचं गेलं तर मागे कोणीच नाही.” थोडं थांबून म्हणाले, “आणि आम्हाला भीती फुटण्याची, तुम्हाला घसरण्याची. नियम सारखा कसा असेल?”

रात्रभर त्यांनी तो हिशेब मनात मांडला होता. मला ट्रॅकवर एक सकाळ घालवून जे कळलं, ते त्यांना पंख्याखाली पडून कळलं. नियम पाठ असलेली माणसं मी खूप पाहिली. नियमाचं कारण पाठ असलेली थोडीच, आणि त्यातले एक माझ्या घरात होते.

अलीकडे चिपळूणलाही विजेच्या गाड्या दिसतात. गेल्या मे महिन्यात आमच्या मावसभावाने त्याची दाखवली. पडदा माझ्या गाडीपेक्षा मोठा. मी नकळत वाकून तळव्यानं टायरची नक्षी चाचपली. मागचे दोन्ही जवळजवळ गुळगुळीत झाले होते आणि पाऊस महिन्यावर होता. तो म्हणाला, गाडीला अजून फार दिवस झालेले नाहीत. खरंच झालेले नव्हते. जड गाडी, मोटरचा जोर आणि सिग्नलवर पळवायची हौस, तिन्ही मिळून टायर खातात. महाराष्ट्रात हिवाळी टायरची गरज नाही, कुणी विकायला आला तरी घेऊ नका. आपला निसरडा ऋतू पावसाळा, आणि तिथे मऊ रबराचा उपयोग नाही. पाणी बाजूला काढणारी खोल नक्षी लागते. खाचेच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी कमी झालेली असते, तेव्हा घाटात जाणाऱ्यांनी त्या खुणेची वाट पाहू नये. टायरच्या भिंतीवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नवा म्हणून विकलेला टायर किती जुना आहे ते तिथे कळतं.

विजेची गाडी असेल तर यंदा मृगाच्या आधी एवढं करा. चारी टायरची नक्षी हाताने चाचपून बघा, नवे घेताना भारांक मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका, आणि दोनच नवे घेणार असाल तर ते मागे लावायला सांगा. दुकानदार पुढे लावू म्हणेल. त्याला कारण विचारा. आणि ज्यांनी अजून गाडी घेतली नाही, त्यांनी पडदा बघण्याआधी डिकी उघडून स्टेपनी आहे का ते पाहावं.